न परतलेल्या मालाची यादी

वाळूज एमआयडीसीतल्या लहान प्रेसशॉपमध्ये संध्याकाळी हमखास कानावर येणारा प्रश्न म्हणजे, ‘सत्तावन एफ फोर फाडलं का?’ एक्साइजमधल्या मोडव्हॅट क्रेडिटच्या काळातला हा नियम कधीच इतिहासजमा झाला. त्यानंतर सेनव्हॅट आलं, मग 1 जुलै 2017 ला जीएसटी. तरी बाहेर जॉबवर्कला जाणाऱ्या मालाच्या चलनाला जुनी माणसं अजून सत्तावन एफ फोरच म्हणतात. टेम्पो गेटवर उभा असतो, ड्रायव्हर हॉर्नवर हात ठेवून बसलेला असतो, आणि चलन हातात पडल्याशिवाय वॉचमन गेट उघडत नाही.

माझी सगळी नोकरी या चलनांभोवती गेली. बजाज ऑटोचा कारखाना 1985 साली वाळूजला सुरू झाला आणि त्याच्या मागोमाग सुटे भाग बनवणारे छोटे कारखाने उभे राहिले. आमचा त्यातलाच. पत्र्याची शीट यायची, शिअरिंगवर कापली जायची, प्रेसवर ब्लँक निघायचे, वाकवले जायचे, वेल्ड व्हायचे आणि त्यांचे ब्रॅकेट व्हायचे. झिंक प्लेटिंग, पावडर कोटिंग, हीट ट्रीटमेंट यातलं काहीच आमच्या शेडमध्ये नव्हतं. त्यामुळे आमच्या मालकीचा बराचसा माल कायम दुसऱ्या कोणाच्या तरी शेडमध्ये पडलेला असायचा. लहान कारखान्याची ही रीतच आहे.

माल दुसऱ्याच्या दारात असला तरी हिशेब आमच्या माथ्यावर. सेनव्हॅट क्रेडिट नियम 2004 प्रमाणे जॉबवर्कला पाठवलेला माल 180 दिवसांत परत यायला हवा असे. नाही आला तर त्या मालावर घेतलेलं क्रेडिट भरून टाकायचं, माल परत आल्यावर पुन्हा घ्यायचं. ऑडिट पार्टी आली की पहिल्या चहाबरोबरच प्रश्न यायचा, ‘एकशे ऐंशीच्या वरचं काय आहे?’

आमच्याकडे त्यासाठी एक आडवं, जाड रजिस्टर होतं. डाव्या पानावर जावक, उजव्या पानावर आवक. स्टोअरमधले काका ते फार नेटकं लिहायचे. रजिस्टरमध्ये खोट काढायला जागा नव्हती आणि तरीही त्या प्रश्नाचं उत्तर त्यातून पटकन निघत नसे. माल गेला की ओळ पडते, माल आला की ओळ पडते. माल आला नाही तर कोणीच काही लिहीत नाही. न घडलेल्या गोष्टीची नोंद कुठल्याच वहीत होत नाही, आणि आम्हाला नेमकी तीच हवी होती. मार्चअखेर आणि ऑडिटच्या आधी काका आणि मी पट्टी लावून डावं पान उजव्या पानाशी ताडत बसायचो.

स्टॉकसाठी आमच्याकडे फॉक्सप्रोमध्ये लिहिलेला एक प्रोग्राम होता. तो एका बाहेरच्या प्रोग्रामरने करून दिलेला. त्यात ठरलेले रिपोर्ट निघायचे. वेगळं काही विचारायचं असलं की त्याला फोन करायचा, तो येईल तेव्हा येईल, तोवर प्रश्नच शिळा झालेला असे. अकाउंट्सच्या कॉम्प्युटरवर ऑफिसबरोबर मायक्रोसॉफ्ट ॲक्सेस आलेलं होतं आणि त्याला कोणी हात लावलेला नव्हता. मला एक्सेल बऱ्यापैकी येत होतं, म्हणून मी ते उघडून बघितलं.

पुढे वाचलं तेव्हा कळलं की या खिडकीमागे बराच इतिहास आहे. आयबीएमच्या सॅन होजे इथल्या प्रयोगशाळेत काम करणाऱ्या एडगर कॉड या गणितज्ञाने 1970 साली एक निबंध लिहिला. माहिती टेबलांमध्ये ठेवा, टेबलं एकमेकांशी मूल्यांनी जोडा, आणि माहिती डिस्कवर कुठे, कशी ठेवली आहे याची विचारणाऱ्याला फिकीर नको, हे त्याचं म्हणणं. 1974 मध्ये चेंबरलिन आणि बॉइस यांनी त्यासाठी इंग्रजीसारखी वाचता येणारी भाषा मांडली, तीच पुढे एसक्यूएल झाली. आणि आयबीएममध्येच मोशे झ्लूफ यांनी सत्तरच्या दशकाच्या मध्याला असं सुचवलं की भाषा शिकायचीही गरज नको, रिकाम्या टेबलात हव्या त्या उत्तराचा नमुना भरा. 1992 मध्ये बाजारात आलेल्या ॲक्सेसमधली क्वेरी बांधायची चौकट या कल्पनेच्या घराण्यातली आहे. वर टेबलं मांडायची, खाली रकान्यांत फिल्ड ओढायची, अटीच्या ओळीत अट लिहायची. बी.कॉम. झालेल्या स्टोअर क्लार्कला स्वतःचा प्रश्न स्वतः विचारता आला तो या चौकटीमुळे.

पहिलं काम टेबलं पाडण्याचं. पार्टी, पार्ट, जावक चलन, चलनाच्या ओळी आणि आवक, अशी ती पडली. एका चलनात चार पार्ट जाऊ शकतात म्हणून ओळी वेगळ्या. एका ओळीचा माल पाच खेपांत परत येऊ शकतो म्हणून आवक वेगळी. पार्टीचं नाव प्रत्येक चलनावर वेगळ्या स्पेलिंगने पडायचं, कुठे ‘एंटरप्रायजेस’ पूर्ण, कुठे ‘एंटर’, कुठे नुसतं आडनाव. पार्टीला कोड दिला आणि नाव एकाच जागी ठेवलं.

मोजमापाचा गुंता याहून मोठा निघाला. शीट किलोत जायची आणि ब्लँक होऊन नगांत यायची. म्हणून पार्टच्या टेबलात एका नगाचं वजन ठेवलं, भंगार आणि एंडकटसाठी आवकेत वेगळा रकाना केला. प्लेटिंगचा माल नगांत जायचा, पण तिकडे मोजायचे काट्यावर. शिवाय जस्ताचा थर चढल्यावर वजन किंचित वाढतं. त्यामुळे हजार पाठवले तर एक हजार चार परत आल्याची चलनं बघायला मिळायची. काका म्हणायचे, ‘ताई, पोरं घालून आले बघा ब्रॅकेट.’

मग क्वेरी. ॲक्सेसमध्ये दोन टेबलं वर ठेवली आणि त्यांच्यात रेघ ओढली की जॉइन होतो. कोणी काही बदललं नाही तर तो इनर जॉइन असतो, म्हणजे दोन्हीकडे जुळणाऱ्या ओळीच दिसतात. जावक आणि आवक अशी जोडली की ज्या चलनाचा एकही नग परत आलेला नाही, त्याला उजवीकडे जोडीदार नसतो आणि ते यादीतून गळतं. ज्याने हजारातले साडेनऊशे परत केले तो यादीत दिसतो. ज्याने काहीच परत केलं नाही तो दिसतच नाही. रेघेवर डबल क्लिक करून दुसरा पर्याय निवडला, म्हणजे जावकेच्या सगळ्या ओळी आणि आवकेच्या जुळतील तेवढ्याच, की रेघेला बाण फुटतो. हा लेफ्ट जॉइन. गळालेली चलनं या बाणाने परत येतात.

पण येऊनही ती टिकत नाहीत. बाकी म्हणजे पाठवले वजा आलेले, आणि अट बाकी शून्याहून जास्त. जिथे आवकच नाही तिथे आलेल्यांच्या रकान्यात शून्य नसतं, ‘नल’ असतं. नल म्हणजे माहीत नाही. हजारातून माहीत नाही वजा केलं तर उत्तरही माहीत नाही, आणि माहीत नाही हे शून्याहून जास्त आहे का, या प्रश्नाला कॉम्प्युटर हो म्हणत नाही. म्हणून संपूर्ण हजार नग अडकवून बसलेलं चलन पुन्हा एकदा यादीबाहेर जातं. यावर उपाय म्हणजे एनझेड नावाचं फंक्शन. ते नलच्या जागी शून्य धरायला सांगतं. उपाय एका शब्दाचा आहे, पण तो लिहायला हवा हे सुचण्यासाठी आधी काय दिसत नाहीये ते ठाऊक असावं लागतं.

गळतीची तिसरी वाट तारखेची. ‘अमुक तारखेला काय बाकी होतं’ हे विचारायचं असलं तर त्या तारखेनंतरची आवक धरायची नाही. ही अट सरळ अटीच्या ओळीत आवकेच्या तारखेखाली लिहिली की लेफ्ट जॉइनचा बाण तसाच दिसतो, पण त्याचा उपयोग संपतो. आवक नसलेल्या चलनाला तारीखही नल असते, ती अट पुरी करत नाही आणि ओळ जाते. म्हणून आधी फक्त आवकेची एक क्वेरी करायची, तारखेची अट तिच्यात लावायची, चलनाच्या ओळीप्रमाणे बेरीज करायची आणि मग ती तयार क्वेरी जावकेला जोडायची.

या मधल्या क्वेरीचा दुसरा फायदा बेरजेत दिसतो. हजार नगांच्या ओळीचा माल चारशे, साडेतीनशे आणि दोनशे असा तीन खेपांत आला. जावक आणि आवक थेट जोडून बेरीज मागितली तर आवक साडेनऊशे बरोबर येते, पण जावकेचे हजार प्रत्येक खेपेसमोर एकदा उभे राहतात आणि तीन हजार होतात. आधी आवकेची बेरीज करून एकच ओळ केली की हजारासमोर साडेनऊशे उभे राहतात आणि बाकी पन्नास निघते. क्वेरीवर क्वेरी रचण्याची ही सवय मला सगळ्यात उपयोगी पडली. एका दमात सगळं विचारायला गेलं की कुठे चुकतंय ते शोधता येत नाही. पायरी पायरीने गेलं तर प्रत्येक पायरी उघडून बघता येते.

यादी निघायला लागल्यावर भांडणं सुरू झाली, आणि ती चांगली भांडणं होती. माल आला म्हणजे काय? स्टोअरच्या मते गेटवर नोंद झाली की आला. क्वालिटीवाल्यांच्या मते तपासून घेतला तेवढाच आला, थर कमी बसलेला किंवा डाग पडलेला माल आलेला नाहीच. खरेदीवाले म्हणत, पार्टीचं बिल आलं नाही तोवर काम पुरं झालंच कुठे. रजिस्टर असताना हे तिघे आपापल्या अर्थाने एकाच पानाकडे बघत होते. क्वेरीला तीन अर्थ चालत नाहीत. शेवटी साहेबांनी तिघांना बसवलं आणि ठरलं की कायद्याच्या यादीसाठी गेट धरायचं आणि उत्पादनाच्या यादीसाठी क्वालिटी. दोन वेगळ्या क्वेरी, दोन वेगळी नावं.

बोलण्यातला प्रश्न आणि चौकटीतला प्रश्न यांतही फरक पडतो. खरेदीवाले म्हणायचे, ‘प्लेटिंगचं आणि पावडर कोटिंगचं पेंडिंग द्या.’ ॲक्सेसच्या चौकटीत एका ओळीतल्या अटी एकाच वेळी पुऱ्या व्हाव्या लागतात. खालच्या ओळीत लिहिलेली अट पर्याय म्हणून धरली जाते. प्लेटिंग आणि पावडर कोटिंग अशा दोन्ही अटी पुऱ्या करणारी चलनाची ओळ जगात नसते. त्यामुळे माणूस ‘आणि’ म्हणाला तरी ते खालच्या ओळीत लिहायचं.

तारखांनी वेगळाच ताप दिला. चौकटीत लिहिलेली तारीख कॉम्प्युटरच्या भारतीय सेटिंगप्रमाणे वाचली जाते. पण तीच तारीख एसक्यूएलच्या मजकुरात किंवा फॉर्ममागच्या कोडमधून गेली की ॲक्सेस ती अमेरिकी पद्धतीने, महिना आधी आणि दिवस नंतर, अशी वाचतं. 5 जूनची 6 मे होते. 13 तारखेपासून पुढे महिना म्हणून तो आकडा बसतच नाही, मग ॲक्सेस निमूटपणे त्याला दिवस मानतं. म्हणजे गडबड महिन्याच्या पहिल्या बारा दिवसांतच होते आणि नंतर सगळं सुरळीत दिसतं. असा दोष महिनाअखेरीला तपासायला बसलं तर सापडत नाही.

आमची रोजच्या वापराची क्वेरी 150 दिवसांची होती. 180 उलटल्यावर कळून उपयोग काय, महिनाभर आधी कळायला हवं. सकाळी आल्यावर ती चालवायची, पार्टीप्रमाणे लावायची आणि फोन करायचे. प्लेटिंगवाले शेठ सुरुवातीला म्हणायचे, ‘ताई, माल तर मागल्याच हप्त्यात दिला की!’ मी चलन नंबर, तारीख, पार्ट आणि नग सांगायची. मग पलीकडून, ‘थांबा, कोपऱ्यात बघतो.’ कोपऱ्यात माल असायचा. वाद कमी झाले, कारण दोघांसमोर एकच आकडा होता. थोड्याच काळात काही पार्ट्या स्वतःच यादी मागायला लागल्या.

क्रॉसटॅब क्वेरीने आणखी एक बाजू दाखवली. डावीकडे पार्ट्या, वर महिने आणि चौकोनांत माल परत यायला लागलेले सरासरी दिवस. 2016 चा उन्हाळा त्यात ठळक उठून दिसायचा. जायकवाडी धरणाचा उपयुक्त साठा संपलेला होता. एप्रिलमध्ये उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने मद्य कारखान्यांच्या पाण्यात मोठी कपात करायला लावली आणि इतर उद्योगांच्या पाण्यालाही कात्री लागली. प्लेटिंग म्हणजे पाण्याचाच धंदा. ॲसिडमधून काढलेला माल धुवायचा, जस्ताच्या टाकीतून काढलेला धुवायचा, पॅसिव्हेशननंतर पुन्हा धुवायचा. त्या महिन्यांत प्लेटिंगचे दिवस वाढले, पावडर कोटिंगचे फारसे हलले नाहीत. तोवर खरेदीच्या बैठकीत प्लेटिंगवाल्यांना ‘ढिले’ म्हणायची पद्धत होती. तो तक्ता समोर ठेवल्यावर ढिलाई कोणाची आणि टंचाई कोणाची हे वेगळं करून बोलावं लागलं.

क्वेरीची मर्यादाही याच कामाने शिकवली. मुदत संपत आली की माल कागदावर परत आणायचा आणि त्याच दिवशी नवीन चलनावर परत पाठवायचा, ही युक्ती धंद्यात कोणाला माहीत नाही? एकाच दिवशी, एकाच पार्टीची, एकाच पार्टची, तितक्याच नगांची आवक आणि जावक शोधणारी क्वेरी बांधता येते. मी ती बांधली आणि तिची यादी साहेबांपुढे ठेवली. त्यांनी ती बघितली, हसले आणि म्हणाले, ‘आता ही सवय मोडावी लागेल.’ यादीतल्या काही ओळी खऱ्या रीवर्कच्याही होत्या. टेम्पो माल घेऊन आला, क्वालिटीने नाकारला, त्याच टेम्पोने परत गेला. कागद दोन्हीकडे सारखाच. क्वेरीला कागद दिसतो. माल कुठे हलला हे विचारायला माणसालाच गेटवर जावं लागतं.

या सगळ्याची परीक्षा जीएसटी आला तेव्हा झाली. 30 जून 2017 संपताना कोणत्या जॉबवर्करकडे आपला कोणता माल, किती पडून आहे हे ट्रॅन-1 या फॉर्ममध्ये जाहीर करायचं होतं. जुन्या कायद्याखाली गेलेला माल सहा महिन्यांत परत आला तर त्यावर कर नाही, अशी तरतूद होती. एका ठरावीक तारखेची न परतलेल्या मालाची यादी, म्हणजे आम्ही जिच्यासाठी तीन वाटा बुजवल्या होत्या तीच. आसपासच्या कारखान्यांत रजिस्टरं पसरून माणसं रात्री थांबत होती. आमची यादी निघाली आणि मग तिच्यावर विश्वास ठेवण्यासाठी आम्ही पार्ट्यांच्या शेडमध्ये जाऊन माल मोजून आलो.

नव्या कायद्यात मुदतही बदलली. कच्च्या आणि अर्धवट तयार मालाला एक वर्ष, भांडवली वस्तूंना तीन वर्षं. माझ्या कितीतरी क्वेरींमध्ये 180 आणि 150 हे आकडे थेट लिहिलेले होते. तेव्हापासून मुदतीचं वेगळं टेबल केलं: कोणत्या प्रकारच्या मालाला, कोणत्या तारखेपासून, किती दिवस. सरकार पुढे काय बदलेल ते सांगता येत नाही, पण बदललं तर एका जागी बदलावं एवढं आपल्या हातात असतं. जॉबवर्कच्या मालाचं आयटीसी-04 हे विवरण सुरुवातीला दर तिमाहीला भरायचं होतं. ऑक्टोबर 2021 पासून पाच कोटींच्या वर उलाढाल असणाऱ्यांना सहामाही आणि बाकीच्यांना वार्षिक झालं. क्वेरीला त्याने फरक पडला नाही, नुसत्या तारखा बदलल्या.

आता औरंगाबाद शहराचं नाव छत्रपती संभाजीनगर झालं आहे, आमच्याकडे ईआरपी आलं आहे आणि ॲक्सेसची ती फाइल जुन्या नोंदी बघायला लागते तेवढीच उघडते. ईआरपीत ‘जॉबवर्क पेंडिंग’ नावाचा रिपोर्ट तयारच मिळतो. बटण दाबलं की रंगीत तक्ता येतो. तो दाखवायला आलेल्या मुलाने मला एकूण बेरीज जुळवून दाखवली. मी त्याला म्हटलं, बेरीज राहू दे. मी स्टोअरमधून एक चलन मागवलं, ज्याचा एकही नग अजून परत आलेला नव्हता, आणि म्हटलं, हे यादीत दाखव.

स्टोअरला नवीन लागणाऱ्या मुलामुलींना मी हेच शिकवते. यादीत जे दिसतं ते चूक असेल तर कोणी ना कोणी ओरडतो, पार्टी ओरडते, खरेदीवाले ओरडतात. यादीतून जे गळलं त्याच्या वतीने ओरडणारा कोणी नसतो. म्हणून कुठलाही रिपोर्ट, मग तो कोणीही बनवलेला असो, हाती आला की त्यात जे असायलाच हवं असं एक चलन आधी शोधायचं. ते सापडलं, तर मग बाकीच्या ओळी वाचायच्या.